वॅगन आर आणि पोर्शे ९११: तुलना टायरपासून वर करायची

चिंचवडला आमचं टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे. आप्पांनी सुरू केलं, गेली एकोणीस वर्षं मी चालवते. रोजच्या पंधरा-वीस गाड्यांत चार-पाच तरी वॅगन आर असतात, आमच्या घरचीही तीच आहे. आणि वर्षातून तीन-चारदा एक डॉक्टर त्यांची पोर्शे ९११ कॅरेरा घेऊन येतात. अलाइनमेंट मीच करावी असा त्यांचा आग्रह असतो.

माझा भाचा ऑटोमोबाइल डिप्लोमाला आहे. साधी गाडी आणि स्पोर्ट्स कार यांची तुलना, असा त्याला प्रोजेक्ट मिळाला. त्यानं इंटरनेटवरून तक्ता करून आणला: ताकद, वेग, शून्य ते शंभर, किंमत. आकडे बरोबर होते, पण तो तक्ता वाचून दोन्हीपैकी एकाही गाडीबद्दल काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "गुरुवारी ये, दुकान बंद असतं. डॉक्टरांना विचारून त्यांची गाडी दिवसभर ठेवून घेते. वही, टेप आणि कॅल्क्युलेटर आण."

त्या दिवशी जे केलं ते तुम्हालाही करता येईल. स्पोर्ट्स कार हाताशी नसली तरी कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे आणि टायरवर छापलेली अक्षरं एवढ्यावर निम्मं काम होतं. आमच्यासमोरच्या गाड्या होत्या १.० लिटर पेट्रोल इंजिनाची मॅन्युअल वॅगन आर आणि २०२० सालची ९११ कॅरेरा. तुमच्या गाड्या वेगळ्या असतील तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

आधी टेप

पहिलं माप घ्यायचं ते पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे व्हीलबेस. वॅगन आरचा २४३५ मिलिमीटर, ९११ चा २४५०. फरक फक्त १५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका बोटाची रुंदी. भाच्यानं दोनदा टेप लावला, त्याला खरं वाटेना. मापलं नाही तर ही गोष्ट सुचतच नाही, कारण डोळ्यांना ९११ कितीतरी लांब दिसते.

ती लांब आहेच, पण चाकांच्या बाहेर. पूर्ण लांबी वॅगन आरची ३६५५ मिलिमीटर आणि ९११ ची ४५१९. त्यातून व्हीलबेस वजा केला की चाकांच्या पुढेमागे बाहेर आलेला भाग मिळतो: इकडे १२२०, तिकडे २०६९. गतिरोधकावर ९११ चं नाक का घासतं याचं निम्मं उत्तर इथेच आहे. चाक गतिरोधकावर चढायच्या आधी नाक तिथे पोचलेलं असतं. उरलेलं निम्मं उत्तर जमिनीपासूनच्या उंचीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावरून हळू चढते आणि हळू उतरते. आमच्या गल्लीतला गतिरोधक मी मोजलाय. त्याची रुंदी माझ्या दोन पावलांएवढी आहे. त्यामुळे डॉक्टर आले की आम्ही दोन लाकडी फळ्या घालतो आणि गाडी तिरकी घेतो, आधी एक चाक, मग दुसरं.

मग गाड्यांची उंची. वॅगन आर १६७५ मिलिमीटर, ९११ फक्त १२९८, म्हणजे सव्वा फुटाचा फरक. हा आकडा वहीत लिहा, पण त्याचा अर्थ कळायला घरातलं वयस्कर माणूस दोन्ही गाड्यांत बसवून बघा. आप्पा चौऱ्याहत्तरचे आहेत, उजवा गुडघा दुखतो. वॅगन आरमध्ये ते खुर्चीवर बसावं तसे बसतात आणि तसेच उठतात. डॉक्टरांनी एकदा हौसेनं त्यांना ९११ मध्ये बसवलं. बसले आनंदानं, पण बाहेर काढायला मी आणि आमचा पोरगा, दोघांना हात द्यावा लागला. उतरल्यावर आप्पांनी गाडीच्या छतावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगली आहे गं, पण माझी नाही."

डिक्कीही मोजून घ्या. वॅगन आरची ३४१ लिटर. ९११ चं इंजिन मागे, म्हणून डिक्की पुढे, १३२ लिटर.

टायरची भिंत वाचायची

आता माझा विषय. इंजिन काहीही करो, ब्रेक काहीही करोत, ते रस्त्यापर्यंत पोचतं चार तळहातांएवढ्या जागेतून. म्हणून गाडी कशासाठी बांधली आहे हे बोनेट उघडायच्या आधी टायर सांगतो.

आमच्या वॅगन आरवर लिहिलंय १५५/८० आर १३. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची आहे ते, शेवटचा रीमचा व्यास इंचांत. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४ मिलिमीटर. रीम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढी रबराची आणि हवेची गादी. डॉक्टरांच्या ९११ ला पुढे २३५/४० आणि मागे २९५/३५, रीम पुढे १९ इंची, मागे २० इंची. पुढची भिंत ९४ मिलिमीटर, मागची १०३. टायर रुंद, भिंत बुटकी. वळताना बुटकी भिंत फारशी वाकत नाही, स्टिअरिंग फिरवलं की गाडी त्याच क्षणी फिरते. पण खड्डा लागला तर मार थेट रीमला. पावसाळ्यानंतर वाकलेल्या रीमा घेऊन येणाऱ्यांत बुटक्या भिंतीवाले जास्त असतात, हे माझ्या दुकानातलं निरीक्षण.

आकड्यांच्या शेवटी एक अक्षर असतं, ते वेगाचं. एस म्हणजे तो टायर ताशी १८० किलोमीटरपर्यंत टिकेल, टी म्हणजे १९०, एच २१०, व्ही २४०, वाय ३००. रोजच्या लहान गाड्यांवर बहुतेक एस किंवा टी दिसतो, ९११ वर वाय. तिच्या टायरवर एन आणि शेजारी एक अंकही छापलेला असतो. तो टायर पोर्शेनं स्वतः तपासून मान्य केल्याची ती खूण. शिवाय एक चार आकडी शिक्का शोधा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला गेलात तर हा शिक्का सगळ्यात आधी बघा. या गाड्या वर्षाला थोड्याच चालतात, टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं.

आता कॅल्क्युलेटर काढा. हा हिशोब मी कुठे वाचलेला नाही, त्या गुरुवारी जमिनीवर खडूनं मांडला.

वॅगन आरचं वजन साधारण ८१० किलो, चारही टायरची रुंदी मिळून ६२० मिलिमीटर. म्हणजे दर मिलिमीटरला १.३ किलो. ९११ चं वजन १५०५ किलो, टायरची रुंदी १०६०. दर मिलिमीटरला १.४ किलो. जवळपास सारखंच! म्हणजे नुसत्या वजनाच्या दृष्टीनं स्पोर्ट्स कारचे टायर काही विशेष रुंद नाहीत, गाडी जड आहे म्हणून टायर तेवढे.

पण ताकदीचा हिशोब करा. वॅगन आरची ६७ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) पुढच्या दोन टायरमधून रस्त्यावर उतरते, म्हणजे ३१० मिलिमीटर रुंदीतून. दर मिलिमीटरला ०.२२. ९११ ची ३८५ पीएस मागच्या दोन टायरमधून, ५९० मिलिमीटरमधून उतरते. दर मिलिमीटरला ०.६५. तिप्पट. वजन तेवढंच आणि काम तिप्पट, मग ते करायचं कोणी? रबरानं. म्हणून ते रबर मऊ असतं, गरम झालं की चिकटतं आणि त्याच कारणानं लवकर संपतं. आमच्याकडे नीट हवा ठेवणाऱ्या वॅगन आरचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. डॉक्टरांचे मागचे टायर अठरा हजाराला बदलले आणि डॉक्टर शांतपणे चालवणारे गृहस्थ आहेत. त्या एका मागच्या टायरच्या पैशांत वॅगन आरचे दोन पूर्ण सेट येतात.

हात लावूनही बघा. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाच्या आतल्या बाजूनं तळहात टायरवर आडवा फिरवायचा. वॅगन आरचा टायर बाहेरून आतपर्यंत सारखा लागला. ९११ च्या मागच्या टायरला बाहेरची कड खरखरीत आणि आतली कड गुळगुळीत, जवळजवळ गोटा व्हायला आलेली. तिची मागची चाकं वरच्या बाजूला मुद्दाम आत कललेली असतात. वळणावर गाडी झुकली की बाहेरचं चाक सपाट टेकावं, यासाठी. सरळ रस्त्यावर मात्र भार आतल्या कडेवर येतो. उभ्यानं बघणाऱ्याला टायर नवा वाटतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा आणि ती खोली आतल्या कडेला मोजायची.

नट मोजा: वॅगन आरच्या चाकाला चार, ९११ ला पाच बोल्ट. स्टेपनी शोधा: वॅगन आरच्या डिक्कीत आहे, ९११ मध्ये नाहीच, पंक्चर भरायचं रसायन आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. टायरची भिंत फाटली तर रसायनाचा काही उपयोग नाही. रात्री घाटात हा फरक फार मोठा होतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी निघाली आणि मला त्याचा फार आनंद झाला. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला, चाक धरणारा खांब. तत्त्व तेच, मांडणी तीच, फक्त घडण आणि बारकावा वेगळा. मागे मात्र वाटा फुटतात. वॅगन आरला दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा, टॉर्शन बीम, त्यात मला फिरवण्यासारखं काही नसतं, बिघडायलाही फार काही नसतं. ९११ च्या मागच्या चाकांचे कोन एकेक करून लावावे लागतात. वॅगन आरची अलाइनमेंट चहा उकळेपर्यंत होते, ९११ ला अख्खी दुपार जाते.

ब्रेक: चहाच्या पाण्यानं मोजायचे

गाडी थांबते तेव्हा तिचा वेग कुठे जातो? उष्णतेत. भाच्याला हे सूत्र पाठ होतं, पण समोर दिसत नव्हतं. म्हणून आम्ही ते चहाच्या आधणात मोजलं.

दोन माणसं आणि सामान धरून वॅगन आर १००० किलो. ताशी १०० वरून ती एकदा पूर्ण थांबवली तर साध्या तापमानाचं सुमारे सव्वा लिटर पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता तयार होते. ९११ दोन माणसांसकट १६५० किलो धरली तर त्याच वेगावरून दोन लिटरच्या थोडं वर. अजून फार फरक नाही. पण वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. २०० वरून थांबवली तर आठ लिटरच्या वर. म्हणजे लग्नघरचं चहाचं पातेलं, तेही काही सेकंदांत. आणि शर्यतीच्या ट्रॅकवर पुढच्या वळणाला पुन्हा तेवढंच.

आता चाकातून डोकवा. वॅगन आरला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ९११ ला चारही चाकांना ३३० मिलिमीटरच्या हवेशीर डिस्क. वॅगन आरची रीमच १३ इंची, म्हणजे ३३० मिलिमीटर! आमच्या गाडीच्या अख्ख्या रीमएवढी तिची ब्रेक डिस्क. भाच्यानं ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. पण म्हणून वॅगन आरचे ड्रम कमी दर्जाचे ठरत नाहीत. शहरात ४० वरून थांबायला ते पुरतात, धूळ-चिखलापासून झाकलेले राहतात आणि स्वस्तात दुरुस्त होतात. तिला आठ लिटर पाणी उकळायला कोणी सांगितलेलंच नाही.

मग बोनेट

९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६७ पीएस. २९८१ सीसी, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३८५ पीएस. इंजिन तिप्पट आणि ताकद पावणेसहापट. ही जास्तीची ताकद टर्बोनं कोंबलेल्या हवेतून येते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त उष्णता. ९११ चं इंजिन मागे असलं तरी तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. त्या गुरुवारी मी जाळीतून गुलमोहराची वाळकी पानं आणि एक गुटख्याची पुडी बाहेर काढली. स्पोर्ट्स कार बघायला जाल तेव्हा तिथे टॉर्च मारा. मालक गाडी कशी ठेवतो ते तिथे कळतं.

सहा सिलिंडर तीन-तीन करून समोरासमोर आडवे झोपलेले, म्हणून वजन जमिनीजवळ राहतं. साठ टक्क्यांहून जास्त भार मागच्या चाकांवर, म्हणून मागचे टायर २९५ आणि पुढचे २३५. जोरात सुटताना कुठल्याही गाडीचं वजन मागे सरकतं. वॅगन आरमध्ये ते ओढणाऱ्या चाकांवरून निघून जातं, ९११ मध्ये ढकलणाऱ्या चाकांवर येतं. शून्य ते शंभर ४.२ सेकंद हा कंपनीचा आकडा नुसत्या इंजिनामुळे नाही, या वजनामुळेही आहे.

आता प्रश्न: पावणेसहापट ताकद, तर वेगही तेवढाच वाढेल का? नाही. हवा ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट करायला आठपट ताकद लागते. म्हणून पावणेसहापट ताकदीत वेग दुपटीलाही पोचत नाही. ९११ चा कमाल वेग २९३ आहे.

रस्त्यावर, कायद्याच्या आत

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर कारची मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून कमी. दोन्ही गाड्या किवळ्याहून कळंबोलीला कायद्यानं एकाच वेळी पोचतात. तेव्हा रस्त्यावर वेगाची तुलना करायचीच नाही. पुण्यात राहून हे लिहिताना २०२४ च्या मे महिन्यातला कल्याणीनगरचा भरधाव पोर्शेचा अपघात डोळ्यांसमोर येतो. दोन तरुण जीव गेले. या गाड्यांची ताकद बघायची हौस असेल तर ट्रॅक आहेत: ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट, कोइंबतूरचं करी स्पीडवे, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. ट्रॅक डेची फी भरा, हेल्मेट घाला आणि तिथे मनसोक्त चालवा.

रस्त्यावर दुसऱ्या गोष्टी मोजा. तोच चालक, तोच रस्ता, टायर थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा. आम्ही देहूरोडवरून जुन्या हायवेनं वडगावपर्यंत गेलो, डॉक्टर स्वतः चालवत होते. किती गतिरोधकांवर गाडी जवळजवळ थांबवावी लागली? समोरच्या टेम्पोपलीकडचं काय दिसतं? शेजारच्याशी बोलताना आवाज किती चढवावा लागतो? ४०-५० च्या वेगात वॅगन आर चालवायला जास्त सोपी आणि जास्त निवांत वाटते, कारण तुम्ही उंच बसता आणि खड्डा लांबून दिसतो. ९११ त्या वेगाला जणू झोपलेली असते, पण तिच्या स्टिअरिंगमधून रस्त्याची प्रत्येक भेग हाताला कळते. हे सुख आकड्यांत येत नाही. ते अनुभवा आणि वहीत शब्दांत लिहा.

अॅव्हरेज टाकी ते टाकी काढा: नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल, किमान २०० किलोमीटर, पुन्हा त्याच पंपावर तसंच. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेचा वॅगन आरचा आकडा लिटरला २४.३५ किलोमीटर आहे, तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा. ९११ ला शंभर किलोमीटरला दहा लिटरच्या वर लागतं असं कंपनीच सांगते. मग पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, विमा, सगळ्या खर्चाला चाललेल्या किलोमीटरनं भागा.

एक रकाना सुरक्षिततेचा ठेवाच. २०२३ मध्ये गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं दोन एअरबॅगची वॅगन आर तपासली तेव्हा मोठ्यांसाठी पाचपैकी एक तारा मिळाला, मुलांसाठी शून्य. मला ही गाडी प्रिय आहे आणि म्हणूनच हे टोचतं. जुनी वॅगन आर असेल तर मागच्या सीटवरही पट्टा लावा, आमच्या गाडीत आप्पासुद्धा लावतात.

एवढं सगळं झाल्यावर शेजारच्या गल्लीतला एक मुलगा आठवतो. कॉलेजात आहे, वडिलांची वॅगन आर चालवतो. त्याला ९११ सारखी दिसावी म्हणून रुंद टायर आणि मोठ्या रीमा हव्या होत्या. मी नको म्हटलं, त्यानं दुसरीकडून बसवून घेतल्या. चार महिन्यांनी आला. पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आत घासत होता, स्टिअरिंग जड झालं होतं, अॅव्हरेज पडलं होतं आणि एक रीम वाकली होती. त्याला जमिनीवर तोच खडूचा हिशोब करून दाखवला: ६७ पीएस, दर मिलिमीटरला ०.२२. या गाडीच्या टायरला अजून रुंदी मागण्याचं कारणच नाही. त्यानं जुने १५५ चे टायर घरी जपून ठेवले होते, ते बसवले, बॅलन्स केले, आतल्या कडा तपासल्या. नाशिक फाट्यापर्यंत जाऊन आला आणि खिडकीतून म्हणाला, "ताई, हलकी झाली."